दोन गाड्यांची ट्रायल

"तुम्हीच सांगा काका, छोटी घ्यायची की मोठी?" साहेबांनी गेटपाशी उभं राहून ड्रायव्हरकाकांना विचारलं.

गेटबाहेर दोन गाड्या एकीमागे एक उभ्या होत्या. पुढची लाल, आखूड, धड कार नाही की धड जीप नाही. हल्ली अशा गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. मागची काळी, लांबरुंद एसयूव्ही. तिच्यात चढायला बाजूला पायरी होती आणि आत चामड्याच्या सीटवर बसलं की रस्त्यावरची चालती माणसं आपोआप खाली दिसायची. शोरूमची बाई दोन्ही गाड्यांचे कागद छातीशी धरून उभी होती आणि घरात नक्की कुणाचं चालतं याचा अंदाज घेत होती. रविवारची सकाळ होती. घरातली सगळी माणसं बाहेर आली होती. सगळी म्हणजे तिघं: साहेब, त्यांची लेक आणि साहेबांच्या आई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"मी काय सांगणार साहेब," काका म्हणाले. "आधी चालवून बघतो."

हे उत्तर त्यांनी पहाटेच ठरवून ठेवलं होतं.

लाल गाडी लेकीला हवी होती. चार महिन्यांपूर्वी ती गाडी शिकली होती आणि तेव्हापासून तिला बाकीचं सगळं जग जरा हळू चालतंय असं वाटायला लागलं होतं. आठवड्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर ती वडलांना म्हणाली होती की छोटीच घेऊ, मी चालवीन, तुम्हीही चालवाल, मग घरात ड्रायव्हर कशाला? त्या वेळी काका मागच्या दाराशी खिळ्याला किल्ली अडकवत होते. पोरगी वाईट नव्हती. काका दिसले असते तर ती तेव्हा बोललीच नसती. ते गेल्यावर बोलली असती.

काळी गाडी साहेबांना हवी होती. आईच्या मानेला आराम पडेल असं ते सांगत. आपल्याला मिरवता येईल हे सांगायची गरज नव्हती. ते धूड रस्त्यावर काढायची घरात कुणाची छाती नव्हती. म्हणजे काळी आली तर ड्रायव्हर राहणार, लाल आली तर जाणार, इतका सरळ मामला होता. आणि ड्रायव्हर गेला की गॅरेजवरची खोलीही जाणार होती. सव्वीस वर्षं काका आणि त्यांची बायको त्या खोलीत राहत होते. एक खिडकी, एक ओटा, भिंतीला लागून बायकोचं शिवणाचं मशीन. त्यांची मुलगी याच खोलीत वाढली आणि लग्न होऊन लांबच्या गावी गेली. साठीला टेकलेल्या माणसाला आता नव्यानं ड्रायव्हर म्हणून कोण ठेवणार होतं?

पहाटे चहा पिताना बायको म्हणाली होती, "काहीही करा, पण मोठीच घ्यायला लावा."

"माझ्या हातात आहे का ते?"

"तुमच्याच हातात आहे. चालवून कोण दाखवणार आहे?"

ती सहज बोलून गेली आणि शर्टाला बटण लावायला बसली. काकांनी मात्र अर्धा कप चहा तसाच ठेवला.

काकांना आयुष्यात अभिमान एकाच गोष्टीचा होता. त्यांची गाडी हिसका देत नसे. दुसरे ड्रायव्हर पुढे रस्त्यावर बघून चालवतात; काका रस्त्यावर तर बघतच, पण अर्धं लक्ष आरशात, मागे बसलेल्यांच्या मानेवर असे. गाडी थांबताना मागच्याची मान पुढे झुकली तर तो दिवस त्यांच्या लेखी वाया गेला. ब्रेक लावून थांबवणं कुणालाही जमतं. काका शेवटच्या हातभर अंतरात दाबलेला ब्रेक किंचित सोडत, गाडी कधी थांबली ते बसलेल्याला कळतच नसे. मोठ्या बाईंच्या मानेचे मणके झिजले होते, बाहेर निघताना त्या गळ्याला पट्टा लावत. डॉक्टरांनी त्यांना गाडीतून फिरायला कधी बंदी केली नाही, कारण डॉक्टर एकदा स्वतः काकांच्या गाडीत बसले होते.

सव्वीस वर्षांत कधी गाडीनं हिसका दिलाच, तर दोष रस्त्याचा निघाला, पेट्रोलचा निघाला, फार तर गाडीचा निघाला. काकांच्या हाताचा तो असू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. काकांच्या तर नाहीच नाही. त्यांचा सगळा बेत याच एका खात्रीवर उभा होता, आणि असा बेत फक्त त्यांच्यासारख्या पट्टीच्या ड्रायव्हरलाच सुचू शकतो. कच्च्या ड्रायव्हरला आपल्या हाताचं बिंग फुटायची भीती असते. काकांना कसलीच भीती नव्हती.

आधी लाल गाडी. साहेब पुढे बसले, मागे मोठ्या बाई आणि लेक. काकांनी क्लच सोडताना पाय एकदम उचलला. गाडी उडी मारल्यासारखी निघाली. लेक हसली. नवी गाडी आहे, अंदाज यायला वेळ लागतो, असं साहेबच म्हणाले. दवाखान्यासमोरच्या स्पीडब्रेकरवर काकांनी गिअर बदलायला मुद्दाम उशीर केला आणि गाडी आचके देत वर चढली. मग सिग्नल आला. दिवा लाल झालेला त्यांना लांबूनच दिसला होता. त्यांनी तो दिसलाच नाही असं दाखवलं आणि अगदी जवळ गेल्यावर ब्रेक दाबला.

"आई गं," मोठ्या बाई म्हणाल्या.

फार मोठ्यानं नाही. काकांनी आरशात पाहिलं. त्यांचा हात गळ्याच्या पट्ट्यावर गेला होता आणि डोळे मिटले होते. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती. इथे थांबता आलं असतं. एवढ्यावरही काम भागलं असतं. पण बायको, शिवणाचं मशीन, ती एक खिडकी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि परत घरी पोचेपर्यंत त्यांनी तीच गोष्ट आणखी तीनदा केली. ज्या मनापासून ते गाडी चालवत, त्याच मनापासून त्यांनी ती बिघडवून चालवली.

"छोट्या गाडीचं असंच असतं साहेब," गेटपाशी उतरल्यावर ते म्हणाले. "क्लच कडक आहे. मोठ्या बाईंना नाही सोसायची."

साहेबांनी मान हलवली. शोरूमची बाई काहीतरी बोलणार होती, पण महागडी गाडी खपत असताना स्वस्त गाडीची बाजू घेण्याइतकी ती खुळी नव्हती.

मग काळी गाडी. काकांनी मोठ्या बाईंना कोपराला धरून पायरीवरून वर चढवलं. त्यांचा हात थंडगार लागला. काकांनी तोच रस्ता, तोच स्पीडब्रेकर, तोच सिग्नल असा घेतला की मागे कुणी भरलेला कप हातात धरून बसलं असतं तरी थेंब सांडला नसता. परत आल्यावर मोठ्या बाई आत जाऊन आडव्या झाल्या. काका जिना चढून वर गेले आणि बायकोला म्हणाले, "झालं काम."

खिडकीतून त्यांना दिसलं की लेक लाल गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसतेय. साहेब तिच्या मागे बसले, शोरूमची बाई शेजारी. अर्ध्या तासानं गाडी परत आली, गेटपाशी हलकेच थांबली. शिकाऊ पोरीची हौस म्हणून काकांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. बायकोनं त्या दिवशी मशीनला तेल दिलं आणि दुपारी दोघं चांगली तासभर झोपली.

मंगळवारी संध्याकाळी साहेबांनी त्यांना आत बोलावलं आणि खुर्चीकडे हात दाखवून म्हणाले, "बसा काका."

सव्वीस वर्षांत या घरात काकांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

"मोठीच घेतोय," साहेब म्हणाले. "तुमचं म्हणणं पटलं."

काकांचा चेहरा उजळला. साहेबांना तो बघवला नसावा, कारण ते खिडकीकडे बघत पुढचं बोलले. नव्या गाडीसाठी एक माणूस पाहिला होता. मोठ्या गाड्या चालवलेला, चाळिशीच्या आतला.

"मी असताना?" काकांनी विचारलं.

"काका, राग मानू नका. तुम्ही चालवलीत तीच छोटी गाडी नंतर हिनं चालवली. मी मागे बसलो होतो. चार महिन्यांपूर्वी शिकलेली मुलगी, पण पोटातलं पाणी हललं नाही."

"पण मोठी तर मी नीट चालवली साहेब."

"ती ऑटोमॅटिक आहे. तिथं सगळं गाडीच करते."

साहेब हे अगदी हळुवारपणे म्हणाले. मग त्यांनी समजूत घातली. वय सगळ्यांचंच होतं. आई दोन दिवस अंथरुणातून उठलेली नाही, तरी तिची काही तक्रार नाही. खोली लगेच सोडायची नाही, महिनाभर आरामात राहा. नव्या माणसाचं बाळ लहान आहे, त्याला जागा लागेल, पण तोही महिनाभर थांबायला तयार आहे. साहेब माणूस चांगले होते. त्यांनी सगळ्यांची सोय पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. घरात त्या एकट्याच त्यांना अरे-तुरे करत. पट्टा लावूनच त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मान वळवता येत नव्हती म्हणून त्यांनी काकांना समोर, पायांशी उभं राहायला सांगितलं.

"मीच सांगितलं त्याला," त्या म्हणाल्या. "तुला माझा राग आला असेल."

"नाही मोठ्या बाई."

"इतकी वर्षं मला जपून नेलंस. परवा तुझा हात चालेना, आणि आरशात बघितलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी. तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, याचं याला कळलंय, पण बिचारा बोलायचा कुणाला? म्हणून मी बोलले. उद्या रस्त्यात काही झालं असतं, तर तू स्वतःला कधी माफ केलं नसतंस."

मी मुद्दाम केलं, तुमची मान मला दिसत होती तरी केलं, हे वाक्य काकांच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ते ऐकायला जी बाई समोर होती तिला मानही वळवता येत नव्हती. काकांनी टेबलावरचं पाण्याचं भांडं मोठ्या बाईंच्या हाताला येईल असं पुढे सरकवलं आणि ते बाहेर आले.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी त्यांच्यावर चिडली, मग स्वतःवर, मग साहेबांवर. संध्याकाळपर्यंत ती शांत झाली आणि कामाचं बोलायला लागली. दुसरीकडे कुठे काम मागायला गेलं तर लोक साहेबांना फोन करून विचारणारच. साहेब काय सांगणार? माणूस सोन्यासारखा, पण हात गेला. असं सांगितल्यावर कोण ठेवेल? त्यापेक्षा खरं सांगून टाका. साहेब चिडतील, चार शब्द बोलतील. बोलू देत. पण हात गेलेला नाही, एवढं तरी त्यांना कळेल.

"त्यांनी मला हरामखोर म्हटलं तर?" काकांनी विचारलं.

"हरामखोर ड्रायव्हरला काम मिळतं," ती म्हणाली.

ते दोन दिवस काका नुसते गॅरेजमध्ये जाऊन उभे राहायचे. बुधवारपासून साहेबांना जुन्याच गाडीतून लेक ऑफिसला सोडत होती. नवी गाडी यायला अजून आठवडा होता. जाताना ती काकांना हात करायची आणि काका गेट उघडून द्यायचे. शुक्रवारी सकाळी मात्र गेट उघडायच्या आधी ते गाडीपुढे जाऊन उभे राहिले. साहेबांनी मागची काच खाली केली.

काकांनी सांगितलं. नोकरी जाईल या भीतीनं लाल गाडी वाईट चालवून दाखवली. क्लच, स्पीडब्रेकर, सिग्नल, सगळं मुद्दाम केलं. हात ठणठणीत आहे. ते न थांबता बोलले, खाली मान घालून, आणि बोलणं संपल्यावर त्यांनी वर पाहिलं तर साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती.

"काका," साहेब म्हणाले, "आईची मान तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग तुम्ही, मुद्दाम? आईला? तुम्ही?"

"होय साहेब. मुद्दाम."

लेकीनं स्टिअरिंगवरून मागे वळून वडलांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "असं नका हो बोलू काका," ती म्हणाली. "वय झालं यात लाजायचं काय? त्यासाठी स्वतःला कशाला वाईट ठरवता?"

काकांना आता संताप आला. सव्वीस वर्षांच्या चांगुलपणाचं हे फळ होतं: त्यांनी केलेलं पाप त्यांच्या नावावर कुणी मांडून घ्यायलाच तयार नव्हतं. हात गेला यावर सगळ्यांचा विश्वास होता, मन कधी फिरेल यावर मात्र कुणाचाच नाही. ते गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "मला चालवू द्या. एकदाच. चौकापर्यंत."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाले, "उतर जरा."

काका स्टिअरिंगमागे बसले. लेकीनं सीट पुढे ओढून घेतली होती, ती त्यांनी मागे घेतली. आरसा खाली फिरवलेला होता, तो वर केला. आरशात साहेब दिसले. ते पुढे वाकून, दोन्ही सीटांच्या मधून, काकांच्या हातांकडे बघत होते. दवाखान्यात आजाऱ्याकडे बघतात तसं ते बघणं होतं. या घरात आल्यापासून चालवताना काकांच्या हातांकडे कुणी पाहिलं नव्हतं. बघायची वेळच कधी आली नव्हती.

गेटपासून रस्त्यापर्यंत छोटासा चढ होता. या गाडीनं अकरा वर्षं काका तो चढ दिवसातून चारदा चढले होते. त्यांनी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. डावा पाय क्लचवर होता. तो थरथरायला लागला. त्यांनी गुडघा दाबून धरला, तर थरथर वर मांडीत गेली. आता हिसका बसता कामा नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. गाडी हातभर मागे घसरली आणि बंद पडली.

"सावकाश," साहेब म्हणाले.

काकांनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्या वेळी त्यांनी पाय एकदम सोडला. गाडी उसळून चढावरून वर गेली आणि अर्धी रस्त्यात, अर्धी गेटात अशी आडवी होऊन गप्प झाली. मागे साहेबांचं कपाळ सीटवर आपटलं. रस्त्यावरून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. एका ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून काकांना आजोबा म्हणून हाक मारली आणि घरी जाऊन झोपायला सांगितलं.

साहेब उतरले, वळसा घालून पुढे आले आणि त्यांनी काकांच्या बाजूचं दार उघडून धरलं. मग काकांच्या कोपराला धरून त्यांना खाली उतरवलं, रस्त्याच्या कडेला नीट उभं केलं आणि म्हणाले, "बाजूला थांबा, लागेल तुम्हाला." लेक स्टिअरिंगमागे बसली. गाडी एका दमात सुरू झाली आणि निघून गेली.

काकांनी गेट लावून घेतलं. कडी घातली. जिना चढून ते वर आले तेव्हा बायको खिडकीपाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं त्यांना पाणी दिलं आणि मशीनवर अर्धवट शिवलेला कपडा होता तो पुढे ओढून बसली. मशीन काही तिनं चालू केलं नाही. खाली माळी पाण्याची नळी ओढत होता त्याचा आवाज येत होता.

"अहो," शेवटी ती कपड्याकडे बघत म्हणाली, "आत्ताचंही मुद्दामच केलंत ना?"

काकांनी ग्लास खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले.